एक्स्चेंजवर मालदीव मिळेल का? परभणीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. हॉलिडे क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप, म्हणजे वर्षाला सात रात्री रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क, वन बेडरूम, रेड सीझन (मागणीप्रमाणं सीझनला रंगांची नावं असतात), दोन वर्षांचे आठवडे वापरलेच नाहीत, आणि लेकीची दहावी झाली की पुढच्या मे महिन्यात सासूबाईंसह पाचजण मालदीवला जायचं, क्लबवाल्यांनी सांगितलं की "एक्स्चेंजवर राहणं फुकट". मी बरीच वर्षं या एक्स्चेंजच्या भानगडीत आहे, लातूरचे आमचे चार-पाच कुटुंबवालेही मलाच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक्स्चेंज म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसवा. तुमचा क्लब तुम्हाला मालदीव देत नाही. तुम्ही तुमचा आठवडा एक्स्चेंज कंपनीकडं जमा करता, तसाच जगातल्या दुसऱ्या कुणीतरी आपला आठवडा जमा केलेला असतो, आणि त्या साठ्यातून तुम्हाला उचलायचं असतं. कुणी जमाच केलं नसेल तर तुमच्याकडं कितीही भारी मेंबरशिप असू द्या, मिळणार नाही. दोन मोठ्या कंपन्या आहेत, आरसीआय 1974 पासूनची आणि इंटरव्हल इंटरनॅशनल 1976 ची, तुमचा क्लब कुणाशी जोडलेला आहे ते आधी बघा कारण एकीचं रिसॉर्ट दुसरीकडं सहसा मिळत नाही. आणि रंगाच्या नावावर जाऊ नका, आरसीआयमध्ये रेड म्हणजे सगळ्यात जास्त मागणीचा सीझन पण क्लब महिंद्रासारख्या ठिकाणी रेडच्या वर पर्पल असतो, म्हणजे तुमचा रेड किती वजनाचा हे क्लबलाच विचारावं लागेल.

आता सगळ्यात मोठी अडचण, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. तुम्ही पाचजण. वन बेडरूमची मर्यादा बहुतेक ठिकाणी चारच असते, आणि लहान पोरगं पण त्यात मोजतात. रिसॉर्टच्या माहितीत दोन आकडे दिलेले असतात, एक जास्तीत जास्त किती माणसं आणि दुसरा किती माणसं आडोशानं झोपू शकतील, म्हणजे 4 आणि 2 असं लिहिलं असेल तर दोघं बेडरूममध्ये आणि दोघं हॉलमधल्या सोफा-बेडवर. सासूबाईंना सात रात्री सोफ्यावर झोपवणार का? आणि पाचवं माणूस तर त्यात बसतच नाही, दारावर अडवतात, तिथं परदेशात रात्री वाद घालत बसायचं काही कारण नाही. पण तुमच्याकडं दोन वर्षांचे आठवडे शिल्लक आहेत ना, तीच तुमची खरी ताकद आहे. एक तर दोन्ही आठवडे टाकून एकाच रिसॉर्टला एकाच तारखेचे दोन युनिट मागा, नाहीतर आरसीआयच्या वीक्स नावाच्या आठवडे-अदलाबदलीच्या योजनेत जमा केलेले दोन आठवडे एकत्र करून मोठं युनिट मागता येतं, तुमच्या क्लबच्या मेंबरशिपला ते चालतं का हे फोनवर न विचारता मेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील. शिल्लक आठवड्यांची मुदत कधी संपते हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

मालदीवबद्दल मी स्पष्टच सांगतो, तुमच्या कुटुंबाला मी ते सुचवणार नाही. तिथं बहुतेक एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, बाहेर जाऊन काही खाऊ म्हटलं तर बाहेर समुद्रच आहे. त्यामुळं अशा बेटांवर बऱ्याच वेळा जेवणाचं पॅकेज सक्तीचं असतं, एक्स्चेंजमध्ये खोली मिळाली तरी ते पैसे माणशी रोजचे वेगळे भरायचे. हिशोब करायचा म्हणून धरा की मोठ्या माणसाला रोजचे 150 डॉलर, तर तीन मोठ्यांचे सात दिवसांचे 3,150 डॉलर होतात, पोरांचे वेगळे. त्यावर सरकारचा ग्रीन टॅक्स, जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, पाचजण सात रात्री म्हणजे 420 डॉलर नुसता कर. मग राजधानी मालेहून बेटापर्यंत जायचं. लांबच्या बेटाला सी-प्लेन म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान लागतं आणि त्याचं माणशी जायचं-यायचं भाडं काहीशे डॉलरच्या घरात असतं. सी-प्लेन उजेडातच उडतं, तुमचं विमान मालेला संध्याकाळी उतरलं की ती रात्र तिथंच कुठंतरी हॉटेलात काढायची, त्याचे पैसे खिशातून, आणि जमा केलेल्या आठवड्यातली एक रात्र गेली ती गेलीच. आणि मे महिन्यात तिथं नैऋत्य मान्सून लागायला सुरुवात होते, तुम्ही जे निळं पाणी फोटोत बघितलंय ते डिसेंबर ते एप्रिलचं. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत असं तुम्हीच लिहिलंय, एवढे पैसे भरून त्यांनी बुफेत सात दिवस ब्रेड आणि फळं खायची हे माझ्या मनाला पटत नाही.

मे मध्येच जायचं असेल तर बाली बघा. एप्रिल ते ऑक्टोबर तिथला कोरडा सीझन, म्हणजे आपल्याकडं परभणीत पारा चढलेला असतो तेव्हा तिथं हवा छान असते. नुसा दुआ, सेमिन्याक, उबुद असे भाग आहेत, रिसॉर्टच्या बाहेर पडलं की दुकानं, टॅक्सी, भारतीय हॉटेलं सगळं आहे, म्हणजे खोली एक्स्चेंजवर आणि पोट आपल्या हिशोबानं. युनिट निवडताना किचन पूर्ण आहे की छोटं ते बघा, छोटं म्हणजे बऱ्याच वेळा मायक्रोवेव्ह आणि किटली एवढंच, त्यात वरणभात होत नाही. एक काळजी घ्या, तिथल्या सांबलमध्ये म्हणजे मिरचीच्या चटणीत टेरासी नावाची सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट घालतात, दिसायला आपल्या ठेच्यासारखी दिसते पण शाकाहारी नसते, नुसतं "नो मीट" म्हणून चालत नाही, "नो टेरासी" असं नाव घेऊन सांगा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू मात्र सगळीकडं मिळतं. बालीत जाताना एकदाच भरायचा पर्यटक कर माणशी दीड लाख रुपिया आहे, आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या पैशात हजाराच्या आत आहे. व्हिसाचे पैसे वेगळे, ते त्या वेळचे अधिकृत साइटवर बघून घ्या.

मे सोडून मार्च-एप्रिलात बालीला जायचं ठरवलंत तर न्येपीची तारीख बघून ती टाळा. तिथं शक वर्षाचा नवा दिवस न्येपी म्हणून पाळतात, आपला पैठणचा शालिवाहन शक आणि त्यांचा शक इसवी सन 78 चाच, म्हणून काही वर्षी तो पाडव्याला किंवा एखादा दिवस मागंपुढं येतो (2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच), तर काही वर्षी महिनाभर आधी. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद, रस्त्यावर कुणी नाही, पाहुण्यांनीही रिसॉर्टच्या बाहेर पडायचं नाही. मला स्वतःला हे फार आवडतं की मराठवाड्यातल्या माणसाला एवढ्या लांब आपलीच कालगणना भेटते, पण सात रात्रींतला एक दिवस बंद खोलीत घालवायचा की नाही ते आधी ठरवा.

थायलंडमधलं फुकेत मे मध्ये नको. अंदमान समुद्राच्या बाजूला तेव्हा पावसाळा सुरू होतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, पोहता येत नाही. थायलंडच म्हणत असाल तर दुसऱ्या बाजूचं को सामुई त्या वेळी बरं असतं. आणि समजा मे जमलंच नाही, सगळं दिवाळीवर गेलं, तर डोळे झाकून मॉरिशस. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथं उन्हाळा नुकता लागत असतो, चक्रीवादळांचा खरा त्रास जानेवारी ते मार्च. तिथं मराठी समाज पिढ्यानपिढ्या आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, रस्त्यावर दालपुरी मिळते, पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळीच ती, सासूबाईंना परकं काही वाटणार नाही.

आता मागणी कशी टाकायची. तुम्ही मे मध्ये जाणार म्हणून मे चाच आठवडा जमा करायला पाहिजे असं अजिबात नाही, हा गैरसमज लई जणांचा आहे. जमा करताना तुमच्या हक्कातला जास्तीत जास्त मागणीच्या रिसॉर्टचा, जास्तीत जास्त मागणीच्या तारखेचा आठवडा द्या, आणि लवकर द्या. आरसीआय वीक्समध्ये आठवडा सुरू व्हायच्या नऊ महिने किंवा त्याहून आधी जमा केला तर त्याचं पूर्ण ट्रेडिंग पॉवर म्हणजे अदलाबदलीतलं वजन मिळतं, उशीर केला की ते कमी होत जातं. मग नुसतं साइटवर रोज सर्च मारत बसू नका, ऑनगोइंग सर्च म्हणजे कंपनीकडं नोंदवून ठेवायची मागणी लावून ठेवा, कारण नवीन आठवडा आला की तो आधी रांगेतल्या मागणीला जातो आणि उरलं तर सगळ्यांना दिसतं. मागणीत एकच रिसॉर्ट, एकच तारीख लिहिली तर वाट बघत बसाल, आख्खं बाली लिहा आणि 20 एप्रिल ते 31 मे असा मोठा पट्टा द्या. इंटरव्हल असेल तर तिथं आठवडा न सोडता आधी मागणी टाकायची सोय आहे, रिक्वेस्ट फर्स्ट म्हणतात तिला, मिळालं की मगच तुमचा आठवडा जातो.

क्लबचं वार्षिक मेंटेनन्स थकलं असेल तर आधी भरा, थकबाकीवर एक्स्चेंज अडतं. एक्स्चेंज फी वेगळी, दोन युनिटला दोनदा. कन्फर्म करायच्या आधी रिसॉर्टच्या माहितीतला सक्तीच्या शुल्काचा भाग शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. विमानाचं तिकीट कन्फर्मेशन हातात आल्यावरच काढा. चेक-इन बऱ्याचदा शुक्रवार-शनिवार-रविवारचं असतं, त्या हिशोबानं देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईला उतरून त्याच दिवशीचं विमान पकडायची घाई करू नका, गाडीला उशीर झाला तर पाच तिकिटं जातील, एक रात्र मुंबईत कुणाकडं तरी काढा.

मधेच कुणाचा फोन आला की "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंगचे भरा" तर एक रुपया देऊ नका.

लहानग्याचा पासपोर्ट कधी काढलाय ते बघा, लहान मुलांचा पाचच वर्षं चालतो आणि बालीसाठी पोहोचायच्या तारखेला सहा महिने शिल्लक लागतात. सासूबाईंचा अजून काढला नसेल तर या महिन्यातच अर्ज टाका. क्लबचं उत्तर आलं की तुमचे शिल्लक आठवडे, त्यांची मुदत आणि कोणती एक्स्चेंज कंपनी एवढं इथंच खाली लिहा, दोन युनिट मागायचे की एकत्र करून मोठं, ते मग आकडे बघून सांगतो.