बाळ 10 महिन्यांचं झाल्यावर कापडी डायपर सुरू करायला उशीर झालेला असतो का?

तुम्ही विचारलंय की बाळ 10 महिन्यांचं आहे, आजवर वापरून फेकायचे डायपरच लावलेत, मग आता कापडीकडे वळण्यात अर्थ आहे का, आणि वळायचं तर कुठले आणि किती घ्यायचे. अर्थ नक्की आहे. आम्ही लेकीला 11व्या महिन्यात सुरू केले, आता ती सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. डायपर धुण्याचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्या बाळाचं एका बाबतीत सोपं असतं. तान्ह्या बाळाची पातळ शी कापडात मुरते. वरणभात, पोळी खाणाऱ्या बाळाची शी घट्ट असते, डायपर कमोडवर उलटा धरला की बरीचशी पडते, उरलेली जेटने निघते. अवघड गोष्ट वेगळी आहे. या वयात शू कमी वेळा पण एकदम भरपूर होते. पातळ अस्तराचे डायपर आणले तर दोन तासांत मांडीशी गळतात आणि घरातले सगळे म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना." त्यामुळे तुम्हाला आतले थर जास्त लागतील, हे धरूनच चाला.

डझनाचा सेट घेऊ नका. आधी तीनच घ्या. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर आणि आत कापड सरकवायला खिसा, असा प्रकार घ्या. टिचबटणांचाच बघा. वेल्क्रोचा एक आम्ही आणला होता, लेकीने दुसऱ्याच दिवशी बसल्या बसल्या तो ओढून काढला. बहुतेकांवर 5 ते 17 किलो असं लिहिलेलं असतं, पण खरं माप मांडीवर कळतं. इलॅस्टिक जांघेच्या खोबणीत बसलं पाहिजे, खाली मांडीवर उतरलेलं नको. पोटाशी दोन बोटं सहज जावीत. काढल्यावर मोज्याच्या इलॅस्टिकसारखी फिकट खूण दिसली तर चालतं, लालभडक वळ दिसला तर एक बटण सैल करा.

आत घालायच्या पट्ट्यांबद्दल दुकानात कोणी नीट सांगत नाही. मायक्रोफायबर शू झटकन ओढून घेतं, पण बाळ धपकन बसलं की दाबाने तीच शू बाहेर येते. शिवाय ते थेट कातडीला लागू द्यायचं नसतं, कातडी कोरडी पडते. सुती किंवा बांबूचं कापड सावकाश शोषतं, पण धरून ठेवतं. म्हणून वर मायक्रोफायबर, खाली सुती, दोन्ही खिशाच्या आतच. आणि नवं सुती कापड पहिल्या दिवशी शोषतच नाही! त्यातला नैसर्गिक तेलकटपणा जायला चार-पाच धुण्या लागतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी चारदा चादर बदलली आणि डायपरच खराब निघाले असं समजून बसलो.

सगळ्यात चांगली युक्ती माझ्या आईची. तिने मला लंगोटात वाढवलंय. जुलैत आमच्या जाड पट्ट्या दोन दोन दिवस वाळेनात. हाताला कोरड्या लागायच्या, पण शिवणीपाशी चिमटीत धरलं की गार ओलावा कळायचा, आणि तिथूनच कुबट वास सुरू व्हायचा. आईने कपाटातून धुवट पंचा काढला, लांब घडी घातली आणि खिशात सरकवला. पंचा उलगडला की एकेरी कापड होतं, पंख्याखाली काही तासांत वाळतं. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्याकडे पंचे आणि आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडेच असतात. जितकं जुनं, मऊ कापड तितकं चांगलं. जून ते सप्टेंबर पुण्यात कापडी डायपर चालवायचे तर मला हाच एक मार्ग दिसतो.

आता धुणं. बदललेला डायपर गार पाण्याखाली खळबळून, पिळून जाळीच्या टोपलीत ठेवा. बादलीत भिजत घालू नका. एक तर त्याने वास वाढतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या घरात भरलेली बादली मोरीत ठेवणं धोक्याचं आहे. एक दिवसाआड मशीन लावा: आधी छोटी धुणी, मग 40 अंशांवर मोठी, पावडर नेहमीइतकीच घालून. फार गरम पाण्याने बाहेरचा थर खराब होतो. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव अजिबात नको, त्याचा लेप बसतो आणि कापड शोषायचं थांबतं. पुरळावरच्या दाट पांढऱ्या क्रीमनेही तेच होतं, ते लावाल तेव्हा वर मलमलचा तुकडा ठेवा.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात आणि ते पाणी जड असतं. मागच्या एप्रिलमध्ये धुतलेल्या डायपरला शू होताच डोळे चुरचुरतील असा वास यायला लागला. मी पावडर कमी करत गेलो, वास वाढत गेला. खरं तर उलट करायला हवं होतं. जड पाण्यात पावडर थोडी जास्त लागते. फक्त आतली कापडं धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून पुन्हा नीट धुतली, तेव्हा वास गेला.

वाळवताना आतली कापडं कडक उन्हात घाला. वरणाच्या हळदीचा डाग उन्हात जातो, तसाच शीचा पिवळा डागही फिकट होत जातो. कव्हर मात्र सावलीत, आणि इलॅस्टिकवर ओझं येणार नाही असं आडवं टाका.

बदलायचं दर अडीच-तीन तासांनी, शी झाली तर लगेच. लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही किंवा बारीक ठिपके पसरले, तर घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पाळणाघरात आधी नाराजी असते. आम्ही खिसे भरून, तयार डायपर द्यायला लागल्यावर तिथल्या मावशींनी काही कटकट केली नाही.

रात्री आम्ही अजूनही बऱ्याचदा फेकायचाच वापरतो. लेकीची झोप मोडत नाही, आणि याचं मला वाईट वाटत नाही. मात्र तो कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा देतो. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनीच ही मागणी केली आहे. आमच्या मजल्यावर येणाऱ्या ताई एकदा उघडा, भरलेला डायपर हाताने बाजूला करताना मी पाहिल्या. तो आमच्याच डब्यातला होता. आमच्या घरात पहिले तीन कापडी डायपर त्याच आठवड्यात आले.

तुम्हीही पहिला आठवडा फक्त सकाळी, घरी असताना लावा. तिन्ही धुऊन वाळायला तुमच्या घरात किती वेळ लागतो ते बघा, आणि त्यावरून पुढचे किती घ्यायचे ते ठरवा. आम्हाला 14 पुरले.