आधी किल्ली मागा, जर्मन नंतर शिका

प्रश्न : मी सांगलीची, निवृत्त मुख्याध्यापिका, वय ६२. मुलगा-सून म्युनिकला असतात, त्यांच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. परवा पहिल्यांदाच एकटी शहर बघायला निघाले. जर्मनचं अक्षर येत नाही. मारियनप्लाट्झला घड्याळातल्या बाहुल्या बघितल्या, येताना चुकीच्या गाडीत बसले आणि ऑलिंपियात्सेंट्रुमला पोचले. कशीबशी नॉर्डफ्रीडहोफला परतले तेव्हा दोन वाजले होते. किल्ली माझ्याकडे नसते, सून साडेपाचला येते, म्हणून तोवर जवळच्या दफनभूमीतल्या बाकावर बसून राहिले. आता बाहेर पडायचा धीर होत नाही. मोबाइलवर जर्मन शिकतेय, पण डोक्यात राहत नाही. या वयात भाषा येईल का? की तिकीट बदलून लवकर परत जाऊ?

उत्तर : बाई, भाषेचं राहू द्या. चुकीच्या गाडीत बसूनही, जर्मनचं अक्षर येत नसताना, तुम्ही आपल्या स्टेशनावर परत आलात. शहर तुम्हाला जमलं. जमलं नाही ते घरात शिरणं. साडेतीन तास बाकावर काढलेत, बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणीही प्यायला नसाल, आणि पत्रात ते एका ओळीत उरकलंत. ‘किल्ली माझ्याकडे नसते.’ का नसते? मागितलीत?

मागितली नसणारच. मुलाने आपणहून द्यावी, अशी वाट बघत बसला असाल. याला समजूतदारपणा म्हणत नाहीत, रुसवा म्हणतात. आणि ज्याच्यावर रुसलात त्याला त्याचा पत्ताही नाही. अख्खी शाळा सांभाळलेल्या बाईंना घराची किल्ली मागायला कसला संकोच?

मुलाच्या मनात कदाचित एक भीती असेल. तिथल्या बऱ्याच इमारतींत एकच किल्ली खालचा मुख्य दरवाजा, तळघर आणि आपलं घर उघडते. ती हरवली तर प्रसंगी सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागतात आणि हजारो युरोंचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतो. त्यासाठी हाफ्टफ्लिष्ट नावाचा विमा असतो, पुष्कळ घरांत तो घेतलेलाच असतो. किल्ली हरवणं त्यात धरलंय का आणि घरी राहायला आलेली आई धरली आहे का, हे त्याला बघायला सांगा. नसेल तर वाढवून घेऊ दे.

मग दार शिका. तिथल्या घराच्या दाराला बाहेरून बहुधा फिरणारी मूठ नसते, नुसता पक्का बसवलेला गोळा असतो. दार ओढलं गेलं की तुम्ही बाहेर. कचरा टाकायला उतरलात तरी किल्ली हातात हवी, कारण रात्री किंवा रविवारी कुलूपवाला बोलवायचा म्हणजे शेकडो युरो. उघडताना कुलपाचे फेरे सुटले की थांबू नका. किल्ली आणखी थोडी जोर लावून फिरवून धरली की कुलपाची जीभ आत जाते, तेव्हाच दार ढकलायचं. अडलं तर दार जरा स्वतःकडे ओढून धरा. आणि घरात असताना किल्ली आतून कुलपात ठेवू नका. कित्येक कुलपं मग बाहेरून दुसऱ्या किल्लीने उघडत नाहीत, आणि सून जिन्यात उभी राहील. (तिला तुमचं दुःख कळेल खरं, पण तो हेतू नाही.) मुलाला शेजारी उभं करून हे सगळं स्वतःच्या हाताने करा, खालच्या दरवाजासकट. खाली बेलवर फ्लॅटचा नंबर शोधू नका, आडनावं असतात. सुनेने माहेरचं ठेवलं असेल तर पाटीवर कोणतं आहे ते बघून घ्या.

गाडी चुकली ती चुकण्यासारखीच होती. मारियनप्लाट्झला यू३ आणि यू६ या भुयारी गाड्या एकाच फलाटावर पाठोपाठ येतात, म्युंशनर फ्रायहाइटपर्यंत एकाच मार्गाने जातात आणि तिथून फुटतात. तुमची यू६, निळ्या पाटीची, यू३ नारिंगी. चुकलात तर पुढच्याच बोनर प्लाट्झला उतरून उलट्या गाडीने मागे या, शेवटापर्यंत बसून राहू नका. स्टेशनात फाटक नाही म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. शिक्का मारायचं तिकीट असेल तर खाली उतरण्याआधीच निळ्या यंत्रात घाला, नाहीतर तपासनीस ६० युरो घेतो आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणत्याही भाषेत चालत नाही.

आज रात्री जेवणं झाली की मुलाला सांगा, “मला किल्ली दे, उद्या मला बाहेर जायचंय.” वाक्याला ‘तुम्हाला अडचण नसेल तर’ असं शेपूट लावू नका. परतीच्या तिकिटाचा विषय मात्र आज काढू नका. किल्ली घेऊन आठवडाभर हिंडा, मग काय ते ठरवा.