नवीन मुख्याध्यापकाने शाळेचं मूल्यांकन आणि शिक्षकांच्या मूल्यमापनातल्या बदलांसाठी तयारी कशी करायची?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की जूनपासून एका अनुदानित माध्यमिक शाळेचा चार्ज तुमच्याकडे आलाय, स्टाफ २२ जणांचा आणि त्यातल्या निम्म्यांबरोबर तुम्ही वीस वर्षं एकाच स्टाफरूममधे डबा खाल्लाय. आता स्क्वाफ (शाळेच्या गुणवत्तेचं मूल्यांकन), पॅट (मुलांची ठरावीक काळाने होणारी मूल्यांकन चाचणी), गोपनीय अहवाल (शिक्षकाच्या कामाबद्दल मुख्याध्यापकाने लिहायचा अहवाल), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हे सगळं एकदम अंगावर आलंय आणि कालपर्यंतच्या मैत्रिणींचं मूल्यमापन कुठल्या तोंडाने करू, असा तुमचा प्रश्न आहे. मी ११ वर्षं मुख्याध्यापक होतो, अलीकडेच रिटायर झालो, त्यामुळे जे अनुभवलं तेच सांगतो.

सगळ्यात आधी फाइली दोन आठवडे कपाटात ठेवा आणि वर्गात जाऊन बसा. हे पटणार नाही कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज "आजच लिंक भरा, तातडीचे" येत असणार, पण तरीही.

बदल नेमका कुठे झालाय ते बघा. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तपासणी म्हणजे टाचण वह्या (शिक्षकाने तासाची तयारी लिहायच्या वह्या), हजेरीपत्रक, शेरेबुक. मग २०१५ मधे शाळासिद्धी ही मूल्यांकनाची पद्धत आली, त्यात ७ क्षेत्रं आणि शाळेने स्वतःच स्वतःला पारखायचं. आता स्क्वाफमधे १२८ मानकं आहेत, प्रत्येकाला चार स्तर, आपण कुठल्या स्तरावर आहोत ते आपणच ठरवायचं आणि पुरावा जोडायचा. त्यात मानव संसाधन आणि नेतृत्व हे वेगळं क्षेत्रच आहे, म्हणजे शिक्षक कसे शिकवतात आणि तुम्ही त्यांना काय मदत केली हे आता तुमच्या नावावर मोजलं जाणार. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत तेही त्याच दिशेने.

ही मानकं रात्री ऑफिसमधे बसून एकट्याने भरू नका. बरेच जण तेच करतात आणि सगळीकडे स्तर ४ टाकून मोकळे होतात. आमच्याकडे आम्ही स्टाफ मीटिंगमधे मोठ्याने वाचून भरलं. प्रयोगशाळेचा विषय आला तेव्हा सगळे म्हणाले चार टाका, लॅब चांगली आहे, साहित्य आहे. तेवढ्यात आमचे प्रयोगशाळा सहाय्यक उठले आणि म्हणाले, "सर, नववी ब यावर्षी एकदाही लॅबमधे आली नाही." सगळे गप्प. आम्ही दोन लिहिलं आणि पुढच्याच आठवड्यात नववी बचं वेळापत्रक बदललं. बाहेरून मूल्यांकनाला येणारा माणूस कागद बघेलच, पण तो मुलांनाही विचारणार ना, "लॅबमधे काय केलं रे?" तेव्हा तुमचा चार कुठे टिकणार.

आता गोपनीय अहवाल. खाजगी शाळांसाठी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम १५ एकदा शांतपणे वाचा. मुख्याध्यापकाने शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहायचे आणि परिविक्षेवरच्या (प्रोबेशनवरच्या) शिक्षकाचं काम वस्तुनिष्ठपणे बघून त्याची नोंद ठेवायची, हे तिथे स्पष्ट आहे. मी पहिल्या वर्षी एका दुपारी सगळ्यांचे अहवाल लिहिले, सगळ्यांना "उत्तम", कोणाचं वाईट कशाला घ्यायचं म्हणून. त्यात एक नवीन मुलगा होता, इंग्रजीचा. पुढच्या वर्षी पालकांच्या तक्रारी आल्या, संस्थेने त्याला कमी करायचं ठरवलं आणि मला वकिलांकडे पाठवलं. वकिलांनी अहवाल बघितला, त्यात माझ्याच अक्षरात "उत्तम". त्यांनी एवढंच विचारलं, "सर, दोन वर्षांत तुम्ही याच्या वर्गात किती वेळा बसलात?" मला उत्तर देता आलं नाही. कमी करायचा विचार तिथेच थांबला. नंतर मी त्याच्या तासाला बसायला लागलो तेव्हा कळलं की मुलगा वाईट शिकवत नव्हता, तो मराठी माध्यमाच्या पोरांसमोर फार भरभर बोलायचा, आणि हे त्याला दोन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती, आजही मनाला लागते.

आणि जो शेरा लिहाल तो त्या माणसाला कळू द्या. सरकारी नोकरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००८ च्या देव दत्त प्रकरणात सांगितलंय की अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, चांगली असो की वाईट. आपल्याकडे नियम काय म्हणतो ते म्हणू दे, मी म्हणतो की समोर बसवून सांगता येत नाही ते लिहूच नये.

वर्गात बसायचं म्हणजे काय हे मला शिकायला तीन वर्षं लागली. आधी मी मागे उभा राहून दहा मिनिटात "अध्यापन प्रभावी, फलकलेखन सुंदर" असं लॉगबुकमधे (तास बघून नोंद करायच्या वहीत) लिहायचो. ते लिहून कोणाचाच फायदा नाही. नंतर मी शेवटच्या बाकावर पूर्ण तास बसायला लागलो आणि मत लिहायचं बंद करून जे दिसतं तेवढंच लिहायला लागलो. एकदा सातवीत पूर्णांक संख्यांचा तास होता, शिक्षक अनुभवी, माझ्याच वयाचे. त्यांनी १४ प्रश्न विचारले, त्यातल्या ११ ची उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून आली, "समजलं का?" पाच वेळा झालं आणि पाचही वेळा "होऽ सर". माझ्या शेजारच्या मुलीच्या वहीत वजा ७ अधिक ३ बरोबर वजा १० लिहिलेलं होतं आणि तीही होऽ सर म्हणत होती. तास संपल्यावर चहा घेताना मी सरांना फक्त तो आकडा आणि ती वही दाखवली. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "उद्या हिला फळ्यावर बोलावतो." उद्या बोलावलंही. मी एक अक्षर शेरा लिहिला नव्हता.

तुमच्या मैत्रिणींच्या बाबतीतही हेच. पण त्याआधी एक करा, स्वतःच्या तासाला त्यांना बोलवा. तुम्हाला तास असतीलच. सांगा की या, मागे बसा, मी कुठे चुकते ते लिहा. पहिल्यांदा कोणी खरं सांगणार नाही, दुसऱ्यांदा एखादी सांगेल, आणि ती सांगेल त्या दिवसापासून तुम्ही तिच्या वर्गात गेलात तर ती तपासणी वाटणार नाही.

पॅटच्या मार्कांबद्दल थोडं. ते पोर्टलवर जातात म्हणून वाढवून भरायचा मोह सगळ्यांना होतो, तो तुम्ही पहिल्याच मीटिंगला बंद करा, आणि त्याचबरोबर जाहीर सांगा की या एका चाचणीवरून मी कोणाचा अहवाल लिहिणार नाही. दोन्ही एकत्र सांगितलं तरच खरे मार्क येतील. अमेरिकेत २००९ नंतर मुलांच्या टेस्टवरून शिक्षक तोलायची मोठी लाट आली होती, तेव्हा तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ मधे निवेदन काढलं की बहुतेक अभ्यासांत मुलांच्या मार्कांतल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा फरक साधारण १ ते १४ टक्केच निघतो. बाकी घर, आधीचे वर्ग, शाळेची परिस्थिती. म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही, पण मार्क बघून कोणाला नापास ठरवायच्या आधी हे लक्षात ठेवा.

टीईटीचं म्हणाल तर १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात असं आहे की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांपैकी ज्यांच्या निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त उरलीत त्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचं, त्यापेक्षा कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. तुमच्याकडे पाचवी ते आठवीला कोण आहे त्यांची जन्मतारखेसकट यादी करा, ताजे शासन निर्णय स्वतः वाचा आणि एकेकीला बाजूला घेऊन सांगा. पन्नाशीला आलेल्या बाईला परीक्षेची भीती वाटते आणि त्याची लाजही वाटते, हे स्टाफरूममधे सगळ्यांसमोर काढू नका. वेळापत्रकात त्यांना सलग दोन तास मोकळे देता आले तर द्या, आम्ही गणिताच्या सरांना आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी बसवलं होतं.

सोमवारीच सुरू करा. नवीन लॉगबुक घ्या, पहिल्या पानावर तुमचा स्वतःचा तास आणि तो बघायला कोण आलं ते लिहा, आणि दुसऱ्या तासाला कोणाच्याही वर्गात जाताना मोबाईल क्लार्ककडे देऊन जा, नाहीतर तीन मिनिटात माहिती मागवणारा फोन येतो आणि तुम्ही उठून बाहेर जाता.