‘प्रोफेन’ म्हणजे अपवित्र नव्हे

सोलापुरातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले आहे, की ‘सेक्रेड’च्या विरुद्ध अर्थाचा नेमका इंग्रजी शब्द कोणता, आणि समाजशास्त्राच्या टिपणांत ‘सेक्रेड’ व ‘प्रोफेन’ या जोडीला ‘पवित्र’ व ‘अपवित्र’ म्हटलेले असते, ते बरोबर आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते साफ चूक आहे, आणि व्याख्यानांतून व परीक्षेच्या मार्गदर्शिकांतून ही चूक इतक्यांदा कानांवर येते की आता तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही.

बाकीचे शब्द थोडक्यात आटोपतो. ‘ब्लास्फेमी’ म्हणजे देवनिंदा. तो वाणीचा अपराध आहे, वस्तूचा किंवा जागेचा गुण नव्हे. ‘सॅक्रिलेज’ची व्युत्पत्ती ‘रिलिजन’पासून झालेली नाही, जरी त्याचे विशेषण लिहिताना लोक ‘रिलिजस’चे स्पेलिंग सर्रास घुसडतात, लॅटिनमध्ये ‘साकेर’ म्हणजे देवाचे आणि ‘लेगेरे’ म्हणजे उचलणे, तेव्हा हा मुळात देवळातल्या चोरीचा शब्द आहे. ‘सेक्युलर’ हा काळाचा शब्द. ‘सेक्युलुम’ म्हणजे पिढी किंवा युग, आणि म्हणून इहलोकीचे ते सेक्युलर. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या या शब्दावर देवाधर्माचे वैर लादण्याचे काहीच कारण नाही.

खरा शब्द आहे तो ‘प्रोफेन’. ‘फानुम’ म्हणजे देवस्थान आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर. येथवर सर्व कोशकार एकमताने येतात, आणि मग बहुतेकजण ‘देवळाबाहेरचे, म्हणून अपवित्र’ अशी उडी मारून मोकळे होतात. ही उडी मला मान्य नाही, कारण रोमन मुत्सद्दी थोरल्या केटोच्या शेतीवरील लॅटिन ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, याच शब्दाचे क्रियापद ‘देवाला अर्पण करणे’ या अर्थाने आलेले आहे. देवापुढे भोजन ‘प्रोफानाता’ झाले, म्हणजे अर्पण झाले, आणि खाऊन झाले, की वसंतातील नांगरणीला लागावे, असे तो शेतकऱ्याला सांगतो. रोमन वक्ता सिसेरो याचा मित्र असलेला कायदेपंडित ट्रेबेशियस याचे मतही पुढच्या काळातील लॅटिन लेखक मॅक्रोबियसने नोंदवून ठेवले आहे: जे देवाचे होते आणि पुढे माणसांच्या उपयोगाला व मालकीला आले, ते खरे ‘प्रोफानुम’.

हे वाचल्यावर दक्षिण सोलापूर किंवा अक्कलकोटच्या माणसाला मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे शेतात साजरा होणारा सण, आठवल्याशिवाय राहणार नाही. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना भज्जी (मिसळीची भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवतात, आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि मग तेच अन्न गोतावळ्यासह तिथेच बांधावर बसून पोटभर जेवतात. केटोचे भोजन नांगरणीआधीचे आणि आपले पीक उभे असतानाचे, एवढा फरक सोडला तर देवापुढून माणसाच्या पानात येण्याचा हा प्रवास एकच आहे. माझ्या मते ‘प्रोफेन’चे मूळ त्या प्रवासात आहे, आणि नैवेद्य दाखवून झालेल्या भज्जीला अपवित्र म्हणणारा माणूस आपल्या भागात तरी सापडणार नाही. इंग्रजीत पुढे या शब्दाला हीन छटा आली आणि शिवराळपणालाही ‘प्रोफॅनिटी’ म्हणू लागले, हे खरे. परंतु त्या उत्तरकालीन छटेवरून समाजशास्त्रातील संज्ञा ठरवता येत नाही.

कारण ही जोडी समाजशास्त्रात रूढ करणाऱ्या एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ च्या आपल्या ग्रंथात शुद्ध आणि अशुद्ध हे दोन्ही ‘सेक्रेड’चेच प्रकार मानले आहेत. ज्याच्या स्पर्शाला माणूस भितो, ते सारे, मग ते मंगल असो वा अमंगल, त्याच्या मांडणीत एका बाजूला पडते, आणि रोजचा बाजारहाट, मागावरचे काम, घरचा स्वयंपाक दुसऱ्या बाजूला. अशा स्थितीत ‘प्रोफेन’ला ‘अपवित्र’ म्हणणारा टिपणकार द्यूरकेमचे म्हणणे उलटे करून विद्यार्थ्यांच्या हाती देतो.

‘बाहेरचे म्हणून अपवित्र’ हे समीकरण आपल्या जिल्ह्याला फार महाग पडलेले आहे. चोखोबांना आयुष्यभर विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले, मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना ते गेले, आणि त्यांची समाधीही पंढरपूरच्या महाद्वारासमोरच आहे. ते दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथील शिक्षकांनी तरी हा शब्द इतक्या बेफिकिरीने वापरू नये.

तेव्हा विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ‘सेक्रेड’विरुद्ध ‘प्रोफेन’ लिहावे आणि मराठीत ‘पवित्र’ व ‘लौकिक’ अशी जोडी वापरावी. ‘अपवित्र’ हा शब्द ‘अनहोली’साठी राखून ठेवावा आणि ‘डेसिक्रेट’साठी ‘भ्रष्ट करणे’ किंवा ‘विटाळणे’ यांपैकी संदर्भाला जुळेल तो शब्द घ्यावा.