फराळ खायचा की वजन सांभाळायचं? वाचकांचे प्रश्न

दिवाळी तोंडावर आली की आपल्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो, सणाचं खायचंय पण वजन वाढायला नकोय. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेतलेत, बाकीच्यांनाही आपलं उत्तर यात बरंचसं सापडेल.

प्रश्न: ताई, मी ४४ वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. दसरा ते संक्रांत या काळात दर वर्षी माझं दीड-दोन किलो वजन वाढतं आणि उन्हाळ्यात त्यातलं अर्धंच उतरतं. यंदा ठरवलंय की फराळाला हातच लावायचा नाही. घरातले म्हणतात, सणासुदीला असं काय. तुम्हीच सांगा.

उत्तर: या वेळी घरातल्यांचं ऐका. हात न लावण्याचा निश्चय फार तर अभ्यंगस्नानापर्यंत टिकतो, मग समोर ताट आलं की मोडतो, आणि एकदा मोडला की "आता मोडलाच आहे तर" म्हणून आपण एरवी खाल्लं नसतं इतकं खातो, हे मी दर दिवाळीत माझ्याकडे येणाऱ्यांच्या बाबतीत बघते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "अर्धंच उतरतं" हे. अमेरिकेत याच गोष्टीचा एक अभ्यास झाला होता, २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, १९५ मोठ्या माणसांची वजनं त्यांच्या थँक्सगिव्हिंग-ख्रिसमस-न्यू इयरच्या आधी आणि नंतर नीट घेतली होती. लोकांना वाटत होतं आपलं दीड-दीड किलो वाढलं असेल, प्रत्यक्षात सरासरी वाढ अर्ध्या किलोपेक्षाही कमी निघाली, पण ती नंतर उतरली नाही, अंगावर राहिली. दर वर्षी अशी थोडी थोडी भर पडत गेली की चाळिशी-पन्नाशीत आपल्याला कळतच नाही हे कधी झालं.

आपला सीझन तर त्यांच्याहून लांब. दसऱ्याचं श्रीखंड, कोजागिरीचं मसाला दूध, मग दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, डिसेंबरात केक, ३१ तारीख, आणि वर संक्रांतीच्या गुळपोळ्या. यातल्या खऱ्या सणाच्या दिवसांना मी अजिबात दोष देत नाही. वसुबारस ते भाऊबीज तुम्ही मनासारखं खाल्लंत तरी फार काही बिघडत नाही. वजन वाढतं ते भाऊबीजेनंतर ओट्यावर उरलेल्या डब्यांमुळे.

हिशोबच करा ना. लिंबाएवढ्या नाही, आपल्याकडे वळतात तशा बेसनाच्या लाडवात तुपासकट पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी असतात, एका चकलीत ऐंशी-शंभर. ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर एक लाडू, दोन चकल्या, म्हणजे चारशेच्या घरात गेलं, आणि जेवण तर नेहमीचंच. असे वीस दिवस गेले की आठ हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शरीर इतकं काटेकोर गणित करत नाही हे खरं, पण डब्याचा हात कुठवर पोचतो ते कळतं.

म्हणून माझं सांगणं असं की फराळ कमी करायचा तो खाताना नाही, करताना. पाच जणांच्या घराला दोन किलोचा चिवडा आणि पन्नास लाडू लागत नाहीत. जावा-जावांनी, मैत्रिणींनी वाटून घ्या, एकीने चकली, एकीने शंकरपाळे, म्हणजे प्रत्येकीच्या घरी थोडं थोडं सगळं. जे मनापासून आवडत नाही ते केवळ पद्धत म्हणून करू नका, घरात कोणी चिरोटे खात नसेल तर शेवटी ते तुम्हीच संपवता, "वाया जायला नको" म्हणून. शेजारीपाजारी, सोसायटीचे वॉचमन, कामाच्या मावशी यांना द्यायचं ते पहिल्याच दिवशी ताजं द्या. आणि खाताना एक नियम, फराळ कशाच्या तरी ऐवजी खायचा, वरून नाही. सकाळी फराळाचं ताट झालं तर तोच नाश्ता, त्यावर परत पोहे नकोत. तुळशीच्या लग्नाच्या आत डबे रिकामे होतील इतकंच करायचं, आणि ते घासून वर ठेवून द्यायचे.

प्रश्न: मी ३४, हिंजवडीत आयटीत आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२, त्यामुळे मला डाएटची गरज नाही असं मी मानतो. पण बायको म्हणते पोट बघ. दिवाळीत ऑफिसमध्ये मिठाईचे बॉक्स सतत उघडे असतात. टेन्शन घ्यावं का?

उत्तर: बायकोचं बरोबर आहे, आणि याचा पुरावा पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली होती. दोघांचाही बीएमआय सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त, अशी आपल्याकडच्या बऱ्याच जणांची ठेवण असते, आणि ती पोटाभोवती साठली की डायबिटीसचा धोका वाढतो. त्यामुळे फक्त काट्यावर जाऊ नका. टेप घ्या, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात.

ऑफिसच्या बॉक्सबद्दल, तो तुमच्या डेस्कवर ठेवू देऊ नका, पँट्रीत ठेवायला सांगा. उठून जावं लागलं की खाणं आपोआप कमी होतं. काजूकतली आवडत असेल तर एक घ्या, बसून खा. कॉलवर बोलता बोलता तीन खाल्ल्या तर चवही कळत नाही.

प्रश्न: सदाशिव पेठ, वय ६८. बारा वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. नातवंडं येणार आहेत. सूनबाई म्हणते बाबा, तुमच्यासाठी गुळाचे अनारसे आणि खजुराची बर्फी करते, त्यात साखर नाही. ते चालेल ना? दुपारचं जेवण सोडून त्याऐवजी गोड खाल्लं तर?

उत्तर: काका, सूनबाईंचा जीव आहे तुमच्यावर, पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि खजूरही गोडच. साखर न घातलेली म्हणून बर्फीचे चार तुकडे गेले तर रिपोर्टमध्ये ते दिसणारच. अनारशात तांदूळ, गूळ आणि वर तूप, तेव्हा गुळाचा असो की साखरेचा, एकच, छोटा. आणि हो, जेवणाच्या शेवटी, नुसता सकाळी उपाशीपोटी नाही. आधी कोशिंबीर, उसळ, वरण असं पोटात गेलं आणि मग गोड आलं तर साखर तितक्या झपाट्याने चढत नाही.

जेवण सोडायचं मात्र अजिबात मनात आणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. तुमच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइडसारखी, साखर उतरवणारी गोळी असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोळी घेऊन जेवण टाळल्यावर साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं तर तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर परत तपासायची, आणि घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं, नातवंडांनासुद्धा. अभ्यंगस्नान, पूजा, पाहुणे यात सकाळचा नाश्ता अकरावर जातो बघा, दिवाळीत तसं होऊ देऊ नका. आपल्या डॉक्टरांना सणाआधी एकदा भेटून गोळ्यांच्या वेळा विचारून घ्या. जेवण झालं की नातवाचा हात धरून दहा-पंधरा मिनिटं चालून या, त्याने साखरेला खरंच फरक पडतो.

प्रश्न: माझं लग्न होऊन पहिलीच दिवाळी, सिंहगड रोडला सासर. मी एअर फ्रायर आणलाय, पण सासूबाई म्हणतात चकली त्यात होतच नाही, तळलेलीच हवी. फराळ हलका कसा करू, त्यांना न दुखवता?

उत्तर: चकलीच्या बाबतीत मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे. भाजणीची चकली तळूनच होते, एअर फ्रायरमध्ये ती कोरडी, कडक होते आणि मग कुणी खात नाही. शिवाय बेक केलेल्या करंजीतही मोहन असतं, सारणातल्या सुक्या खोबऱ्यात तर निम्म्याहून जास्त चरबीच असते, तेव्हा तळणं टाळलं म्हणून करंजी हलकी झाली असं होत नाही, आणि "बेक्ड आहे" म्हणून चार खाल्ल्या जातात ते वेगळंच.

फरक पडतो तो करण्याच्या पद्धतीने, आणि ते सासूबाईंना तुझ्यापेक्षा चांगलं येत असेल, त्यांच्याकडूनच शीक. तेल नीट तापलेलं हवं, पिठाची छोटी गोळी टाकली की लगेच वर यायला हवी. तेल थंड असताना चकली सोडली की ती तेल पिते आणि मऊही पडते. एका वेळी कढईत खूप घालू नका, त्यानेही तेल गार होतं. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून दिवाळीभर वापरू नका, आणि वनस्पती तूप घरात असेल तर या निमित्ताने बंदच करा. सरकारने खाद्यतेल आणि वनस्पतीतल्या ट्रान्सफॅटवर (हृदयाला घातक चरबीवर) २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण शंकरपाळ्यांना थोडं साजूक तूप घातलं तर चवही चांगली येते, मग वनस्पती हवं कशाला.

तुझ्या हातात खरं काही असेल तर चिवडा. तळलेल्या जाड पोह्यांचा न करता पातळ पोह्यांचा कर, पोहे उन्हात तापवून मंद आचेवर कुरकुरीत भाजून घे, अर्धा किलोला फोडणीत अर्धी वाटी तेल पुरतं. दाणे आणि खोबऱ्याचे काप थोडे कमी, डाळं आणि कढीपत्ता भरपूर. चिवडा मुठीने खाल्ला जातो म्हणून छोट्या वाटीत घालून द्यायची सवय ठेव, डबा टीव्हीसमोर नको. आणि एअर फ्रायर? त्यात दिवाळीनंतर पनीर, भाज्या कर, सासूबाईंना त्या नक्की आवडतील.

प्रश्न: दिवाळी झाल्यावर काट्यावर दोन किलो जास्त दिसतात, मग मी तीन दिवस नुसता डिटॉक्स ज्यूस घेतो. चांगलं ना? (पुरुष, २९, औंध)

उत्तर: गरज नाही रे. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडन्या आहेत, ज्यूसने त्यांना काही मदत होत नाही. दुसऱ्या दिवशी दिसणारे दोन किलो ही सगळी चरबी नसते. गोड आणि पिठूळ जास्त खाल्लं की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं, वर चिवडा-शेवेचं मीठ, त्यानेही पाणी थांबतं. नेहमीचं जेवण सुरू केलंस की आठवडाभरात ते उतरतं. ज्यूसवर तीन दिवस राहिलास की तेच पाणी उतरतं, तुला वाटतं चरबी गेली, आणि चौथ्या दिवशी भुकेने जे खातोस त्यात सगळं परत येतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून साधं जेवण कर, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी, वरण किंवा अंडी. थंडीत मंडईत मटार, गाजर, मेथी, मुळा छान मिळतात, तेच डाएट. व्यायामावर फार हिशोब लावू नकोस, साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या एक किलोमीटर चालण्यात पन्नासेक कॅलरी जातात, म्हणजे एका लाडवाला चार किलोमीटर. तरी चाल, सकाळी वेताळ टेकडीवर जा नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या चढ, रोज एकाच वेळी, सणाच्या आठवड्यातसुद्धा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर बघ, आणि दिवाळीतला आकडा सोडून कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराचा लिहून ठेव, पुढच्या दसऱ्याला त्याच्याशीच तुलना करायची आहे.