नाण्यावरचे जुळे घोडेस्वार

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चांदीचे एक नाणे सापडले. एका बाजूस शिरस्त्राण घातलेला चेहरा आणि त्यामागे फुलीसारखी खूण आहे. दुसऱ्या बाजूस भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार असून त्यांच्या डोक्यांवर तारे आहेत. हे अश्विनीकुमार असल्याचे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे काय? नाणे चिंचेने घासावे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वर्णनावरून हे रोमन प्रजासत्ताकाचे ‘देनारियस’ दिसते. कार्थेजचा सेनापती हानिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास, रोमने ही नाणी पाडण्यास सुरुवात केली. चेहरा रोमा या नगरदेवतेचा आहे आणि फुली म्हणजे रोमन दहाचा आकडा, कारण आरंभी एका देनारियसला दहा ‘आस’ (ब्राँझची नाणी) मिळत.

घोडेस्वार म्हणजे ग्रीक-रोमन पुराणांतले जुळे देव कॅस्टर आणि पोलक्स होत. रेगिलस सरोवराकाठच्या लढाईत हे जुळे रोमनांच्या बाजूने लढले आणि विजयाची वार्ता घेऊन रोमच्या चौकात युतुर्नेच्या झऱ्यावर घोड्यांना पाणी पाजताना लोकांना दिसले, अशी आख्यायिका आहे. अश्विनीकुमारही जुळे आणि अश्वांशी निगडित असल्याने अनेक अभ्यासक दोन्ही जोड्यांचे मूळ एकाच प्राचीन कथेत शोधतात. म्हणजे परिचितांचा तर्क अगदीच निराधार नाही, मात्र नाणे पाडणाऱ्यांच्या मनात अश्विनीकुमार नव्हते.

पुढे टांकसाळीचे अधिकारी नाण्यांवर आपापल्या घराण्यांचे पुराण कोरवू लागले. मामिलियस घराणे स्वतःला ट्रॉयच्या युद्धानंतर वर्षानुवर्षे भटकून घरी परतलेल्या ग्रीक वीर युलिसिसचे वंशज म्हणवी, म्हणून त्यांच्या नाण्यावर काठी टेकत परतलेला युलिसिस आणि त्याला ओळखणारा म्हातारा कुत्रा आहे. सीझरने तर एका बाजूस व्हीनस आणि दुसऱ्या बाजूस वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघालेला तिचा पुत्र इनीयस दाखवला. आपल्याला श्रावणबाळ आठवेल, पण सीझरला सांगायचे होते ते एवढेच की आपले कूळ थेट देवीपासूनचे आहे.

रोमशी आपल्या भागाचा संबंध जुना आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती जवळच पाहता येते. तथापि भारतातल्या साठ्यांत प्रजासत्ताकानंतरचे पहिले सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी मुख्यतः सापडतात, प्रजासत्ताकाची क्वचित. त्यामुळे तुमचे नाणे इथल्या मातीतले नसून आजोबांनी एखाद्या संग्राहकाकडून घेतलेले असण्याचा संभव अधिक वाटतो. अर्थात ते नकली नसेल तर. कडेला साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसल्यास ते ओतीव, म्हणून संशयास्पद समजावे. अस्सल नाणी ठशांनी ठोकलेली असत आणि त्यांचे वजन साधारण चार ग्रॅम भरे.

चिंच किंवा पितांबरी मुळीच लावू नये. घासल्याने ठशाचे बारकावे जातात, आणि काही जुन्या नाण्यांत चांदीच्या पातळ थराखाली तांबे असते, ते उघडे पडते.