रास्पबेरी पायवर स्वतःची लिनक्स चोवीस तास चालवता येते का? डिस्ट्रो कोणतं घ्यावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रास्पबेरी पायसारखं, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकासारखं, चोवीस तास चालणारं छोटं यंत्र हवंय, त्यावर आपल्याला हवी तशी लिनक्स टाकायची आहे, आणि मित्र म्हणतोय, ‘नादी लागू नको, मेमरी कार्डं मरतात, ते खेळणं आहे.’ डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार प्रकार घ्यावा त्याचं, नंतर बोलू. मित्राचं आधी बघू, कारण असंच बोलणारे एक गृहस्थ माझ्या नात्यात आहेत.

माझ्या दाजींचं अंबड एमआयडीसीत प्रेस शॉप आहे. पत्र्याचे लहान कंपोनंट निघतात. पाळी संपली की स्ट्रोकच्या, म्हणजे प्रेसच्या ठोक्यांच्या, आकड्यावरून वाद ठरलेला. ऑपरेटर एक सांगणार, रजिस्टरमध्ये दुसराच, आणि मालाचं वजन करून काढलेला आकडा तिसरा. म्हणून दाजींनी ओळखीतल्या एका ऑटोमेशनवाल्याकडून प्रेसना रास्पबेरी पाय ३ आणि ठोके टिपायला प्रॉक्झिमिटी सेन्सर बसवून घेतले. मला विचारलं नाही. घरचा माणूस फुकट सल्ला देतो, त्याला किंमत नसते.

थोड्याच दिवसांत एकेक पाय उठेनासा झाला. कार्ड बदललं की चालू, काही दिवसांनी परत बंद. दाजींनी निकाल देऊन टाकला, ‘अरे, हे पोरांचं खेळणं. कारखान्यात इंडस्ट्रियल पीसीच लागतो.’ त्याचं कोटेशनही टेबलावर येऊन पडलं होतं. तेव्हा ताईने मला फोन केला.

पॅनेल उघडलं. पायला वीज येत होती मोबाइलच्या चार्जरमधून. चार्जर एक्स्टेंशन बोर्डात, त्याच बोर्डावर पंखा. केबल पुरली नाही म्हणून मध्ये तुकडा जोडलेला, जोडावर काळी टेप, टेपवर तेलाचा थर. लॅपटॉप लावून ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही विजेची तक्रार सांगणारी कमांड चालवली, तर उत्तर आलं शून्य-एक्स-५०००५. म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे, त्यापायी प्रोसेसरचा वेग दाबलेला आहे, आणि हे दोन्ही आधीही झालेलं आहे. पाय ही बोंब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली मारतो. अधिकृत अडॅप्टर नुसता ५ नाही तर ५.१ व्होल्टचा असतो, तो केबलमध्ये होणारी घट धरूनच. सगळं ठीक असेल तर उत्तर शून्य-एक्स-शून्य यायला हवं.

आत सॉफ्टवेअर बघितलं तर पूर्ण डेस्कटॉप. स्क्रीन जोडलेला नाही, तरी डेस्कटॉप चालू, ब्राउझर चालू. आणि प्रत्येक स्ट्रोक थेट कार्डावरच्या डेटाबेसमध्ये. मिनिटाला ४५ स्ट्रोक धरा, आठ तासांच्या पाळीत २१,६०० वेळा लिहिणं झालं. नोंद असते चार-दोन बाइटची, पण फ्लॅशमध्ये तेवढंच पुसून लिहिता येत नाही, आत मोठे ब्लॉक हलवावे लागतात. बरं, पाळी संपली की सुपरवायझर मेन स्विच खाली ओढणार. कार्ड नेमकं लिहिण्यात गुंतलेलं असताना वीज गेली की फाइल सिस्टिमचे बारा वाजले.

यावर त्या ऑटोमेशनवाल्याचं म्हणणं काय, तर ‘तुमची माणसं नीट शटडाऊन करत नाहीत.’ का करावं त्यांनी? कारखान्यातलं यंत्र स्विच पाडला की बंद आणि उचलला की चालू, असंच असलं पाहिजे. आपली लिनक्स आपण बनवायची ती त्यासाठी. लोक वॉलपेपर बदलतात, टर्मिनलला रंग देतात आणि त्याला कस्टम म्हणतात.

मी काय केलं ते सांगतो, तुमच्या कामाचं त्यातच आहे. रास्पबेरी पाय ओएसची लाइट इमेज (कार्डावर टाकायची तयार सिस्टिम) टाकली, म्हणजे डेस्कटॉप गेला. स्वॅप (रॅम कमी पडली की कार्ड वापरणं) बंद, जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) रॅममध्ये. मग रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे, ती चालू केली. भिंतीवर लिहिण्याऐवजी तिच्यापुढे काच धरून काचेवर लिहावं, तसं हे. मूळ कार्डाला कोणी हात लावत नाही, सगळे बदल रॅममध्ये, वीज गेली की काच कोरी. स्ट्रोकचा आकडा तर पुसला जाऊन चालणार नाही, म्हणून तो वीज गेली तरी न विसरणाऱ्या ३२ किलोबाइटच्या एफरॅम चिपवर ठेवला. आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर लावायची, इवलीशी असते, आणि कंपनीच्या कागदावर तिचं आयुष्य एक लाख कोटी वेळा लिहिण्याचं आहे. प्रत्येक स्ट्रोकला लिहा खुशाल.

वीज पॅनेलमधल्याच २४ व्होल्टच्या एसएमपीएसवरून (पॉवर सप्लायवरून) घेतली, मध्ये व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, ५.१ वर बसवलेला. सेन्सर २४ व्होल्टचा आणि पायची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवणारा भाग.

एक गोम मात्र ओव्हरले लावणाऱ्यांना कोणी सांगत नाही. पाय ३ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. नेट नसेल तर तो बंद होताना फाइलमध्ये जपून ठेवलेली वेळ धरून उठतो. ओव्हरलेमुळे ती फाइलही जपली जात नाही. मग दर सकाळी यंत्र त्याच एका गोठलेल्या तारखेला जागं होतं आणि सगळ्या पाळ्यांची नोंद एकाच दिवसावर पडते. शेडमध्ये वायफाय पोचत नव्हतं, म्हणून डीएस३२३१ या चिपचं, सेलवर चालणारं घड्याळ लावलं. ते पाय तेव्हापासून चालू आहेत. दाजी पाहुण्यांना दाखवताना ‘काउंटिंग सिस्टिम बसवलीय’ एवढंच म्हणतात.

आता डिस्ट्रो. दहातल्या नऊ जणांनी रास्पबेरी पाय ओएस लाइट घ्यावं, वर सांगितल्यासारखं छाटावं आणि गप्प बसावं. खाली डेबियन असल्याने अडलात तर विचारायला माणसं मिळतात. अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोचा डिस्कलेस प्रकार मला मनापासून आवडतो. सगळं रॅममध्ये चालतं, बदल ठेवायचा तेव्हाच ‘एलबीयू कमिट’ द्यायचं. पण त्यात नेहमीची जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी नाही, तिच्या जागी मसल आहे, त्यामुळे बाहेरून आणलेली तयार बायनरी कधी कधी चालत नाही. एकसारखे नग बनवून लोकांना द्यायचे असतील तर बिल्डरूट, म्हणजे हवं तेवढंच घेऊन स्वतःची इमेज बांधायचं साधन. त्यात पॅकेज मॅनेजर नसतो, एक लायब्ररी वाढवायची तरी इमेज नव्याने बांधायची, पण यंत्रात काय आहे आणि का आहे ते सगळं तुम्हाला माहीत असतं. योक्टो हे तशाच कामाचं जास्त अवजड साधन एकट्या माणसाने घरगुती कामासाठी घेऊ नये.

स्वस्त मिळतो म्हणून दुसराच कुठला बोर्ड उचलणार असाल तर आधी त्याला आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं डिस्ट्रो) आहे का बघा. पीसीसारखी कुठलीही इमेज टाकली आणि उठली, असं या बोर्डांत होत नाही. प्रत्येकाचा डिव्हाइस ट्री, म्हणजे लिनक्सला लागणारा हार्डवेअरचा नकाशा, वेगळा, आणि बनवणाऱ्याने दिलेला कर्नल जुना होऊन तिथेच बसतो.

दाजींची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ताई वाचेल आणि फोन करेल. त्यांचं म्हणणं असं, की कन्व्हर्टर, एफरॅम, घड्याळ, डबा, शिवाय बसवायला मेव्हणा, एवढं धरलं तर पाय स्वस्त कुठे राहिला? हिशेब अगदीच चूक नाही. तुमचं काम दुकानाच्या बिलिंगचं असेल तर मीही पाय घ्या म्हणणार नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी किंवा वापरलेला थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा पीसी) घ्या, त्यात एसएसडी असते आणि साधं डेबियन चालतं. विजेचं म्हणाल तर ४ वॅट खाणाऱ्या पायला वर्षाला ३५ युनिट लागतात, ६० वॅटच्या जुन्या डेस्कटॉपला ५२५. एन१०० या दोघांच्या मध्ये, पण बराचसा पायच्या बाजूला. माझं भांडण इंडस्ट्रियल पीसीशी नव्हतंच. तोच माणूस त्याच्यावरही तोच डेटाबेस टाकणार होता आणि मेन स्विच रोज तसाच पडणार होता.

ओव्हरलेमध्ये लॉग वाढत गेला तर रॅम भरते आणि यंत्र अडकतं, तेवढी काळजी घ्या. अपडेट करताना ओव्हरले बंद करून, रीबूट करून मगच करा. आणि मोजणी पायवर ठीक आहे, पण प्रेसचा क्लच, लाइट कर्टन, इमर्जन्सी स्टॉप यातलं काहीही पायवर द्यायचं नाही. तिथे माणसांचे हात असतात, तिथे सेफ्टी रिलेच हवा.

तुमचा बोर्ड कोणता ते प्रश्नात नाही. पाय ५ असेल तर घड्याळ बोर्डवरच आहे, फक्त सेल जोडा. पण अडॅप्टर ५ अँपिअरचा घ्या, नाहीतर तो यूएसबीचा करंट आवळतो आणि बाहेर जोडलेली डिस्क मध्येच गळते.